करडू आणि हजेरीपट



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर आला की तो बोनस आणि महागाई यांवर बोलणार, अशी श्रोत्यांची समजूत असते. ती काही गैर नाही. परंतु आज मी आपणांस एका करडाची हकिकत सांगणार आहे. बोनसचा हिशेब मी त्या करडाकडूनच शिकलो.

१९८० साली मी चौथीत होतो. आमच्या घरी दोन शेळ्या होत्या, त्याही अर्धलीच्या. म्हणजे शेळी मालकाची, राखण आमची, आणि जे विकले जाईल त्यात निम्मे त्याचे, निम्मे आमचे. त्यांतली एक शेळी व्याली आणि दुसऱ्या दिवशी मेली. करडू राहिले. आई-वडील दिवस उजाडताच मजुरीला जात, तेव्हा दुसऱ्या शेळीचे दूध बाटलीने त्याला पाजणे माझ्याकडे आले. माझी शाळा सुटली.

चौथ्या दिवशी गुरुजी घरी आले. मी मान खाली घालून उभा. त्यांनी करडाच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाले, “अरे, मग यालाही घेऊन ये की! दुधाची बाटली विसरू नकोस म्हणजे झाले.”

मी गेलो. मग काय विचारता! आठवड्याभरात एका मुलीने पाटीखाली झाकून कोंबडी आणली, एकाने कुत्र्याचे पिल्लू आणले, एकाचे वासरू बाहेर लिंबाला बांधलेले. गुरुजींनी दोनच नियम घातले: जनावराला सावली आणि पाणी आधी, पुस्तक मागून, आणि जनावर बुजेल असा आवाज कोणी करायचा नाही. छडीने जो वर्ग कधी शांत झाला नव्हता तो करडाची झोप मोडू नये म्हणून कुजबुजत पाढे म्हणू लागला.

रेशन दुकानातून ताणकाटा मागून आणून दर शनिवारी करडाचे वजन होई. पहिल्या शनिवारी अडीच किलो, चार आठवड्यांनी साडेचार. चार आठवड्यांत दोन किलो, म्हणजे आठवड्याला सरासरी अर्धा किलो. सरासरी म्हणजे काय हे मला असे कळले. पुढे ८.३३ टक्के बोनस म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, हे कामगारांना समजावताना मला तोच ताणकाटा दिसे.

सहा महिन्यांनी करडू विकले. साठ रुपये आले. तीस मालकाचे, तीस आमचे. मी वर्गात रडलो. गुरुजींनी समजूत घातली नाही; फळ्यावर तो व्यवहार मांडला आणि शेवटी एक रकाना आखून वर लिहिले: राखणाऱ्याचे श्रम. तो रकाना त्यांनी रिकामाच ठेवला. मंडळी, माझ्या आयुष्यातील कामगार चळवळीचा पहिला अभ्यासवर्ग तोच.

पुढच्या वर्षी गुरुजींची बदली झाली. नवे मास्तर दारातच म्हणाले, “ही शाळा आहे की गोठा?” ते निर्दय होते असे मी म्हणणार नाही. त्यांना स्वच्छ वर्ग हवा होता आणि तो त्यांना मिळाला. मी मात्र शेळ्यांमागे गेलो तो त्या शाळेत परत आलो नाही.

मुलाबरोबर त्याच्या घरचे ओझेही शाळेत येते, ही जाणीव माझ्या गुरुजींपूर्वीही काहींना झाली होती. १९४५ साली ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डीला ग्राम बालशिक्षा केंद्र काढले. पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर गेले. तेव्हाचा ठाणे जिल्हा, आता पालघर. त्याच साली त्याच मुलखात गोदावरी परुळेकरांच्या नेतृत्वाखाली वारली वेठीविरुद्ध उभे राहिले होते. वारल्यांची मुले शाळेत येत नसत, कारण काही गुरांमागे असत आणि काहींच्या कडेवर धाकटे भावंड असे. मुले आळशी आहेत, आईबाप अडाणी आहेत, असा निकाल या बायांनी दिला नाही. भावंडांसाठी शाळेलगत पाळणाघर आणि बालवाडी झाली, आणि गुराख्यांसाठी शाळाच कुरणात गेली. तिचे नाव कुरणशाळा. गुरे चरत आहेत आणि मुले शिकत आहेत!

२००९ च्या कायद्याने सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला कामाला लावण्यास मनाई केली; मात्र शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्टीत घरच्या कामाला हातभार लावण्याची मुभा ठेवली. कागदावर रेघ स्वच्छ आहे. पण भुकेल्या करडाला घड्याळ कळत नाही, आणि बैलगाडी घेऊन ऊसतोडीला निघालेल्या कुटुंबाला शाळेचे वेळापत्रक पाळता येत नाही.

यावर खरा इलाज आईबापाच्या मजुरीचा आहे. त्यासाठी मी एरवी आपल्या दारात येतोच. परंतु मजुरी वाढेपर्यंत मूल थांबत नाही, ते मोठे होते. म्हणून आपल्यापैकी जे शिक्षक आहेत, शाळांच्या समित्यांवर आहेत, त्यांना माझी एकच विनंती आहे. एखादे मूल करडू घेऊन, पिल्लू घेऊन किंवा भावंड कडेवर घेऊन दारात उभे राहिले, तर “हे बाहेर ठेवून ये” असे म्हणण्याआधी त्याला विचारा, “याला घरी सांभाळणारे कोणी आहे का?” उत्तर नाही असे आले, तर दोघांनाही आत घ्या.