आजारी माणसाचे पाच गुण
(विहाराच्या वर्धापनदिनानिमित्त राहाता येथे झालेले भाषण)



आजच्या मंगलदिनी आरोग्यावर दोन शब्द बोलावेत, अशी संयोजकांची इच्छा आहे. मधुमेह आणि रक्तदाब, म्हणजे आपल्या बोलण्यातली शुगर आणि बीपी, या दोनच आजारांविषयी मी बोलणार आहे. हे आजार ज्याला झाले त्यानेच रोज सांभाळायचे असतात. आणि ते त्याला एकट्याला जमत नाही. एवढेच मला सांगायचे आहे.

हिशेब करून पहा. महिन्याचे तास होतात ७२०. त्यातली पाच-दहा मिनिटे डॉक्टर आपल्याला पाहतात. बाकीच्या वेळी गोळी घ्यायची की नाही, ताटात काय वाढायचे, पायाला काटा लागला तर बघायचा की नाही, हे सगळे आपल्या हाती असते. ताप आला तर माणूस आपणहून दवाखान्यात जातो. परंतु बीपी वाढले तरी बहुतेकांचे काहीच दुखत नाही. दुखत नाही म्हणून आजार नाही, असे वाटते, आणि घात होतो तो इथेच.

हा शहरातल्या श्रीमंतांचा आजार आहे, असे अजूनही पुष्कळांना वाटते. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार देशात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत आणि प्रौढांपैकी एक-तृतीयांशाहून अधिक लोकांना उच्च रक्तदाब आहे. गडचिरोलीच्या खेड्यांतल्या मृत्यूंचा 'सर्च' संस्थेने अभ्यास केला, तेव्हा साधारण सात मृत्यूंपैकी एक मृत्यू पक्षाघाताचा निघाला. पक्षाघात, म्हणजे आपण ज्याला लकवा म्हणतो, त्याचे सर्वांत मोठे कारण रक्तदाब हेच आहे. मजुरी करणाऱ्या घरातला कर्ता माणूस किंवा बाई लकव्याने अंथरुणाला खिळली, की रोज बुडतो, कर्ज होते आणि पहिली शाळा सुटते ती पोरीची. शिक्षणासाठी आपण एवढी धडपड केली, ती अशी एका गोळीवाचून वाया जाऊ द्यायची का?

परमपूज्य बाबासाहेबांना स्वतःला मधुमेह आणि रक्तदाब होता. संविधानाच्या मसुद्याचे काम चालू असताना त्यांचे पाय असह्य दुखत, रात्री झोप येत नसे. १५ एप्रिल १९४८ रोजी त्यांचा डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह झाला. त्यानंतर माईसाहेबांनी त्यांचा आहार, औषधे आणि इन्सुलिन यांकडे लक्ष दिले. एवढ्या प्रज्ञावंत पुरुषालाही घरात लक्ष ठेवणारे माणूस लागले. मग आपल्या आई-वडिलांना "तुमचं तुम्ही बघा" असे म्हणून कसे चालेल?

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आहे. एक भिक्खू जुलाबाने आजारी होऊन आपल्याच घाणीत पडला होता. कोणी त्याच्याकडे बघेना. भगवान बुद्धांनी आनंदाला बरोबर घेऊन त्याला स्वतः आंघोळ घातली, उचलून खाटेवर निजवले. शुश्रूषा कशी करावी हे तिथे सांगितले आहेच, पण आजारी माणसाने कसे वागावे, हेही पाच गोष्टींत सांगितले आहे. त्याने पथ्य पाळावे, पथ्यातही प्रमाण ओळखावे, औषध घ्यावे, दुखणे खरे सांगावे आणि वेदना धीराने सोसाव्यात. शुगर-बीपीच्या रुग्णाला आजचा डॉक्टर यापेक्षा वेगळे काय सांगणार?

पहिली गोष्ट पथ्याची. आपला भाग उसाचा. साखर बंद केली पण गूळ चालतो, अशी समजूत घरोघरी आहे. गूळही त्याच उसाचा; रक्तातली साखर तोही वाढवतो. बीपीवाल्यांनी मिठाकडे बघावे. दिवसाला माणशी एक चमचा, म्हणजे पाच ग्रॅम मीठ पुरे, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. पापड, लोणचे, खरडा, फरसाण यांतले मीठ कोणी मोजत नाही, पण ते पोटात जातेच. तंबाखू आणि मिसरी मात्र पूर्ण बंद. तिथे प्रमाणाचा प्रश्नच नाही.

दुसरी गोष्ट प्रमाणाची. बाजरीची भाकरी चांगली, पण चांगली म्हणून चार खाल्ल्या तर साखर वाढणारच. एक-दीड भाकरी, भरपूर पालेभाजी, वाटीभर डाळ किंवा उसळ, असे ताट असावे. राहात्याचा पेरू प्रसिद्ध आहे. शुगर असली तरी मध्यम आकाराचा एक पेरू खायला हरकत नाही. मात्र वर तिखट-मीठ भुरभुरायचे नाही.

प्रमाणाची आणखी एक बाजू आहे. वर्षावासात, पौर्णिमेला आपल्या उपासिका अष्टशील घेतात आणि दुपारनंतर जेवत नाहीत. शुगरची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि रात्रीचे जेवण टळले, तर साखर एकदम उतरू शकते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. तेव्हा तीन चमचे साखर पाण्यातून लगेच द्यावी. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्यावी आणि नंतर खायला घालावे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नये, सरळ दवाखाना गाठावा. अष्टशील घेण्याआधी डॉक्टरांना विचारावे. आजारी भिक्खूला दुपारनंतरही मध-काकवी औषध म्हणून घेण्याची मुभा विनयातच आहे. मग आपण जीव धोक्यात का घालावा?

तिसरी गोष्ट औषधाची. "मशीनवर नॉर्मल आलं, म्हणून गोळी सोडली," असे सांगणारे पुष्कळ भेटतात. अहो, नॉर्मल आले ते गोळीमुळे! गोळी सोडली की बीपी पुन्हा चढणार. वाचता येत नसेल तर सकाळच्या पाकिटावर सूर्य आणि रात्रीच्या पाकिटावर चंद्र नातवाकडून काढून घ्यावा. लग्नाला, बाजाराला, तोडणीला जाताना गोळ्या पिशवीत हव्यात. फ्रीज नसेल तर इन्सुलिनची बाटली घट्ट झाकणाच्या डबीत घालून छोट्या मडक्यात ठेवावी आणि ते मडके ओल्या वाळूत ठेवावे. आणि कंबर दुखते म्हणून दुकानातून रोज दुखण्याची गोळी आणून खाऊ नये. तिने बीपी वाढते आणि मूत्रपिंडही बिघडते.

चौथी गोष्ट खरे सांगण्याची. डॉक्टर रागावतील म्हणून रुग्ण म्हणतो, "घेतो ना गोळ्या." पंधरा दिवस घेतलेल्या नसतात. डॉक्टरांना वाटते औषध पुरत नाही, ते डोस वाढवतात. खोटे बोलण्याची किंमत अशी आपल्यालाच मोजावी लागते. म्हणून एक वही करावी. तारीख, बीपी, साखर आणि चुकलेली गोळी त्यात लिहावी. बीपी मोजण्याआधी पाच मिनिटे शांत बसावे, अर्धा तास चहा-तंबाखू नको. आकडा वारंवार १४०/९० च्या वर येत असेल तर वही घेऊन दवाखान्यात जावे.

पाचवी गोष्ट सोसण्याची. हा आजार जन्माचा आहे, त्याचा कंटाळा येतो. तो कंटाळा सोसावा लागतो. परंतु सगळेच सोसायचे नसते. शुगरने पाय बधिर होतात, काटा रुतला तरी कळत नाही. रोज रात्री तळवा बघावा. वाकता येत नसेल तर खाली आरसा धरावा. शेतात अनवाणी जाऊ नये. छातीत कळ, तोंड वाकडे होणे, हातातले बळ जाणे, बोबडी वळणे, यांपैकी काहीही झाले तर घरी थांबू नये.

आता कोणी म्हणेल, न शिकलेल्या माणसांना हे जमेल का? याचे उत्तर आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यात आहे. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली काम सुरू केले. गावातल्याच बायकांना, ज्यांतल्या कित्येक निरक्षर आणि दलित समाजातल्या होत्या, त्यांनी आरोग्याचे शिक्षण दिले. त्या बायका बाळंतपणे करू लागल्या, पुढे रक्तदाबही मोजू लागल्या. १९७९ साली या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. जे जामखेडच्या माउल्यांना जमले, ते राहात्याच्या आपल्या आया-बहिणींना का जमू नये?

सरकारी सोय आहे, तिचा हक्काने उपयोग करा. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाची तपासणी उपकेंद्रात होते, आशाताईंना विचारा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले आहेत.

शेवटी विहारासाठी एक सूचना. दर पौर्णिमेला वंदनेनंतर अर्धा तास बीपीचे मशीन आणि वह्या घेऊन दोन शिकलेली मुले-मुली इथे बसावीत. प्रत्येक रुग्णाला एक जोडीदार नेमावा. जोडीदाराने रोज एवढेच विचारायचे: "गोळी घेतली का? पाय बघितले का?" एखादी पौर्णिमा कोणी आले नाही, तर दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी जायचे. एका मशीनच्या वर्गणीपलीकडे याला पैसा लागत नाही. नेम मात्र लागतो. येत्या पौर्णिमेपासून आपण ही सुरुवात करावी, एवढी विनंती करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.

जयभीम!