दुसरी प्रत जपा

तीन वर्षांपूर्वी माझ्या घरचा संगणक बंद पडला. त्यात माझ्या कैलासवासी पत्नीचे फोटो होते. ते गेले ते गेलेच. दुसरी प्रत मी ठेवलीच नव्हती. चूक माझीच. तुमचे तसे होऊ नये, म्हणून हे चार शब्द.

बाहेरून जोडायची हार्ड डिस्क खिशातल्या डायरीएवढी असते. एक फोटो ४ मेगाबाइटचा धरा. मग १ टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे अडीच लाख फोटो मावतात!

तिच्या आत तबकडी फिरते. म्हणून ती टेबलावर सपाट ठेवा. तिची वायर संगणकाच्या यूएसबी खाचेत घाला. पडद्यावर डिस्कचे नाव दिसेल. 'फॉरमॅट करू का?' असे संगणकाने विचारले, तर घाई नको. फॉरमॅट म्हणजे पाटी पुसणे. डिस्क कोरी असेल तरच होय म्हणा.

आता फोटो, सातबारा, गुणपत्रिका यांची नक्कल तिच्यात उतरवा. मूळ तिथेच राहू द्या. नक्कल नीट उघडते का, तेही पाहा.

काम झाले की वायर एकदम ओढू नका. आधी 'इजेक्ट' दाबा, मग वायर काढा. चालू डिस्क हलवू नका. काम नसेल तेव्हा ती कोरड्या कपाटात ठेवा. दर महिन्याला नवे फोटो उतरवून घ्या.

सगळे बियाणे एकाच कणगीत कोणी ठेवते का? आठवणींचेही तसेच आहे. हे काम उद्यावर टाकू नका. मी टाकले होते.