मेंदूचे चित्र आणि खाटेचा हिशेब



डोक्याला जबर मार लागून कोमात गेलेला माणूस शुद्धीवर येईल की नाही, याचे निदान पिढ्यान्‌पिढ्या चिमटा, विजेरी आणि हाक यांवर होत आले. आता त्यांच्या जोडीला मेंदूचे कार्य टिपणारे चुंबकीय यंत्र आले आहे. त्याचे स्वागतच केले पाहिजे. मात्र ते काय सांगू शकते आणि काय सांगू शकत नाही, हे न समजता त्याच्यापुढे हात जोडणे ही विज्ञाननिष्ठा नव्हे.

२००६ साली केंब्रिजमधील संशोधक एड्रियन ओवेन व त्यांचे सहकारी यांनी एका तरुणीची तपासणी केली. रस्ता-अपघातानंतर कित्येक महिने तिचे डोळे उघडत, पण बोलावल्यास प्रतिसाद नसे. टेनिस खेळत असल्याची कल्पना कर, असे तिला यंत्रात सांगण्यात आले. मेंदूचा जो भाग कामाला लागतो तिकडे रक्ताचा ओघ वाढतो, आणि यंत्र तोच फरक टिपते. हालचालींची आखणी करणारा भाग निरोगी माणसासारखाच उजळला. देहाने निश्चल असलेली ती तरुणी सांगितलेले ऐकत होती!

२०२४ साली सहा केंद्रांतील रुग्णांचा मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. खाटेशी उभे राहून दिलेल्या सूचना न पाळणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांच्या मेंदूने चुंबकीय चित्रात किंवा विद्युत्‌लहरींच्या आलेखात सूचनेला प्रतिसाद दिला. वर्तमानपत्रांनी हा आकडा उचलला, आणि ते योग्यच होते. परंतु त्याच अभ्यासातील दुसरा आकडा अधिक महत्त्वाचा आहे. सर्वांदेखत सूचना पाळणाऱ्या ११२ जणांचीही तशीच परीक्षा झाली. तीत केवळ ४३ जणांचा प्रतिसाद नोंदला गेला. उरलेल्या ६९ जागत्या माणसांबद्दल यंत्र मुके राहिले.

याचा अर्थ सरळ आहे. अशा परीक्षेतील होकार हा पुरावा आहे. नकार हा पुरावा नाही. होकाराच्या आधारे उपचार वाढवता येतात, पण एकट्या नकाराच्या आधारे ते थांबवता येत नाहीत. हृदय बंद पडून मेंदूचा प्राणवायू तुटलेल्यांची गोष्ट थोडी वेगळी. तेथे मेंदूच्या रचनेच्या चित्रात दिसणारी व्यापक हानी हे गंभीर लक्षण असते. तरीही २०२१ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ७२ तास थांबण्याचा आणि किमान दोन प्रतिकूल लक्षणे एकत्र पाहण्याचा आग्रह धरला.

थांबणे इतके महत्त्वाचे का? कॅनडातील सहा रुग्णालयांतील ७२० मेंदू-आघातग्रस्तांचा अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. एकूण मृत्यूंपैकी सुमारे ७० टक्के जीवरक्षक उपचार काढून घेतल्यानंतरचे होते, आणि त्यांतील जवळपास निम्मे पहिल्या तीन दिवसांतले. भाकीत खरे होते म्हणून रुग्ण दगावला, की भाकीत केले म्हणून दगावला, हे अशा वेळी कोण सांगणार?

कॅनडात निदान उपचारांचे बिल सार्वजनिक तिजोरी भरते. आपल्याकडे खासगी अतिदक्षता विभागात दर दिवसाचा आकडा नातेवाइकांच्या हाती पडतो, आणि पुसट चित्राचा अर्थ त्या आकड्याच्या उजेडात लावला जातो. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली उपचार थांबवण्यासाठी वैद्यकीय मंडळांच्या संमतीची अट घातली, २०२३ साली ती प्रक्रिया सुलभ केली. पण पैसे संपले म्हणून रुग्णाला घरी नेणाऱ्या शेतमजुराचे प्रकरण कोणत्या मंडळापुढे जाते?

मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९७३ च्या हल्ल्यानंतर निपचित झालेल्या एका परिचारिकेला तिच्या सहकारी भगिनींनी २०१५ पर्यंत सांभाळले. ती बरी झाली नाही. ती बरी होईल असा दावा करून कोणी तिला जपलेही नव्हते. महापालिकेची खाट आणि पाळ्या बदलत राहिलेल्या परिचारिका होत्या, म्हणून हे घडले. नव्या यंत्राच्या खरेदीला कार्यकर्त्यांनी विरोध करू नये. पण जेथे ती मंजुरीला येईल तेथेच परिचारिकांच्या रिक्त जागा किती आणि दीर्घ शुश्रूषेच्या खाटा किती, हेही विचारावे.