मुळाशी धरलेली जागा



मिरचीची रोपं वाफ्यात तरारून येतात आणि दोन-चार दिवसांत जमिनीलगत कुजून आडवी होतात. शेतकरी म्हणतो, रोपं कोलमडली. हे काम बहुधा मातीतल्या पिथियमचं, बुरशीसारख्या एका जिवाचं.

मातीतल्या अशा भानगडींचा मूलभूत अभ्यास आपल्या देशात ज्या मोजक्या ठिकाणी झाला, त्यांत मद्रास विद्यापीठाची वनस्पतिशास्त्र प्रयोगशाळा अग्रभागी. प्रा. टी. एस. सदाशिवन यांनी १९४४ मध्ये तिची सूत्रं हाती घेतली. त्यांचं गाजलेलं काम कापसाच्या मर रोगावर, मिरचीवर नव्हे. पण रोग म्हणजे फक्त बुरशी आणि झाड यांचं भांडण नव्हे, मुळांभोवतीच्या असंख्य जिवांचाही त्यात हात असतो, ही दृष्टी तिथे रुजली. पुढे त्याच विद्यापीठात सॅम्युअल ज्ञानमाणिक्कम यांनी भाताच्या करप्यावर स्यूडोमोनास जिवाणू वापरून पाहिले. कोइमतूरच्या कृषी विद्यापीठानं याच गटातला ‘पीएफ-१’ हा वाण शंखजिऱ्याच्या भुकटीत मिसळून शेतापर्यंत नेला.

हा जिवाणू मुळांवर वस्ती करतो, मातीतलं लोह स्वतःकडे ओढून बुरशीची उपासमार करतो. काही वाण बुरशीला मारक द्रव्यंही सोडतात. शिवाय झाडाची स्वतःची प्रतिकारशक्ती जागी होते ती वेगळीच. पण एसटीत रुमाल टाकतात तसा हा मुळांवर आधी पोचायला हवा.

म्हणून बियाण्याला किलोमागे १० ग्रॅम भुकटी पेरणीच्या आदल्या दिवशी चोळायची. शेतात हेक्टरी अडीच किलो, ५० किलो शेणखतात मिसळून. झाडांनी माना टाकल्यावर आळवणी करून फारसं हाती लागत नाही. आणि पुडा विकत घ्यायला आपण धावतो ते नेमके तेव्हाच! बीजप्रक्रिया केल्यावर लगेच वाफ्यात तांब्याचं बुरशीनाशकही ओतू नका. ते या जिवाणूलाही भोवतं.

पुड्यावरची तारीख जरूर पाहा. स्यूडोमोनास बीजाणू तयार करत नाही, त्यामुळे चेन्नईच्या मे महिन्यात पत्र्याखाली पडून राहिलेल्या पुड्यात पांढरी भुकटी तेवढी शिल्लक राहते. बीजाणू करणारा बॅसिलस जिवाणू त्या मानानं चिवट. आणि पावसात फळांवर पसरणारी कुज? तिथे मुळावरच्या या राखणदारावर एकट्यावर भिस्त ठेवू नये. रोगट फळं आणि वाळक्या फांद्या वेचून जाळाव्याच लागतात.

यंदा चार वाफे टाकणार असाल, तर एकातल्या बियाण्याला ही भुकटी लावू नका. लावणीच्या वेळी दोन्हींकडची रोपं मोजा, मुळं शेजारी ठेवून पाहा. पुढच्या वर्षी पुडा घ्यायचा की नाही, ते त्यावरून ठरवा.