मोटारीतील हायड्रोजन आणि पेट्रोलची बचत
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत बेळगाव येथे दिलेले भाषण)



महोत्सवाच्या व्याख्यानमालेत शास्त्राच्या मास्तराने कशावर बोलावे, असे चिटणीससाहेबांनी मला विचारले तेव्हा विषय त्यांच्या टेबलावरच पडलेला होता. आपल्या बिनव्याजी कर्जाच्या निधीकडे पाच अर्ज आले आहेत. पाचही अर्जदार मोटार चालवून संसार करणारे. त्यांतले दोघे माझे जुने विद्यार्थी. मागणी सर्वांची एकच : गाडीला ‘हायड्रोजन किट’ बसवायचे आहे, पंधरा हजार रुपये मिळावेत. विकणारा सांगतो की पेट्रोल तीस ते पन्नास टक्के वाचेल. चोर्ला घाटाने रोज गोव्याला उतारू नेणाऱ्या माणसाला या आकड्याचा मोह पडला तर त्याला कोणी हसू नये. परंतु निधीतला पैसा ही अमानत आहे, आणि घेणाऱ्याला तो हप्त्याहप्त्याने फेडायचा आहे. म्हणून ही डबी काय करते ते आधी पाहू.

डबीत पोलादी पत्रे असतात, पाणी असते आणि पाण्यात थोडे कॉस्टिक पोटॅश. गाडीच्या विजेचा प्रवाह त्यातून सोडला की पाणी फुटते. हायड्रोजन व प्राणवायू यांचे मिश्रण नळीने इंजिनात जाणाऱ्या हवेत मिसळते. यात लबाडी काही नाही. निकल्सन आणि कार्लाइल यांनी १८०० साली लंडनमध्ये विजेने पाणी फोडून दाखविले होते, आणि आमच्या शाळेत नववीची मुले ते दरवर्षी करतात. हायड्रोजन जळतो हेही खरे, आणि फार वेगाने जळतो हेही खरे. प्रश्न फक्त हिशेबाचा आहे.

तो हिशेब मायकेल फॅरेडेने १८३४ सालापर्यंत मांडून ठेवला आहे : किती वीज गेली, त्यावरून किती वायू निघेल हे ठरते; डबीवर कोणाचेही नाव असो. सहा कप्प्यांची डबी वीस अँपिअर प्रवाह घेते असे धरा. तासाला सुमारे पंचावन्न लिटर हायड्रोजन निघेल. पंचावन्न लिटर ऐकायला मोठे वाटते. पण त्याचे वजन भरते साडेचार ग्रॅम! एका ग्रॅममध्ये १२० किलोज्यूल उष्णता, म्हणजे एकूण ५४० किलोज्यूल. एवढी उष्णता सतरा मिलिलिटर पेट्रोलात असते. औषधाचे दोन मोठे चमचेही नीट भरणार नाहीत.

आता खर्चाची बाजू. चौदा व्होल्ट आणि वीस अँपिअर म्हणजे २८० वॉट. ही वीज गाडीचा अल्टरनेटर देतो. विक्रेता येथे म्हणतो, “अल्टरनेटर फिरतच असतो, ती वीज फुकट आहे.” सभेतील वडीलधाऱ्यांना सायकलचा डायनामो आठवत असेल. अंधार पडला की तो चाकाला टेकवायचा आणि दिवा लागायचा. पण दिवा लागताच पायडल जड व्हायचे. अल्टरनेटरचेही तसेच. जितकी वीज मागाल तितका तो इंजिनाला जड होतो. त्यात सुमारे चाळीस टक्के शक्ती वाया जाते, आणि इंजिन स्वतः पेट्रोलातील उष्णतेचा जेमतेम चौथा भाग चाकापर्यंत पोचवते. हे सर्व धरले तर त्या २८० वॉटसाठी तासाला सुमारे दोनशे मिलिलिटर पेट्रोल जळते.

दोनशे देऊन सतरा घेतले! असा व्यापार आपल्या रविवार पेठेत कोणी केला तर त्याला घरची माणसेच दुकानात बसू देणार नाहीत. लिटरला पंधरा किलोमीटर देणारी गाडी ताशी साठच्या वेगाने तासाला चार लिटर पेट्रोल घेते. त्यात ही पाच टक्क्यांची भर पडते.

यावर एक उत्तर तयार असते. हायड्रोजन स्वतः फारशी उष्णता देत नसला तरी तो पेट्रोल अधिक चांगले जाळतो, आणि हे अमेरिकेच्या ‘नासा’ने सिद्ध केले आहे, असे म्हणतात. ‘नासा’ने १९७७ साली असा प्रयोग खरोखर प्रसिद्ध केला. मात्र तेथला हायड्रोजन सिलिंडरमधून आणि मेथॅनॉलपासून आला होता, गाडीच्या बॅटरीवरच्या डबीतून नव्हे. हायड्रोजनमुळे इंजिन अधिक विरळ मिश्रणावर चालू शकले व धुरातील दोष कमी झाले. पण कमीत कमी लागणारी ऊर्जा मात्र बदलली नाही, असे त्याच निबंधाच्या सारांशात नमूद आहे. जाहिरातीत ते वाक्य येत नाही. दिल्लीत २०२० साली बसगाड्यांना सीएनजीमध्ये अठरा टक्क्यांपर्यंत हायड्रोजन मिसळून देण्याचा प्रयोग सुरू झाला, तोही डेपोत तयार केलेल्या वायूवर.

तिकडच्या न्यायालयांनीही हा विषय पाहिलेला आहे. पाण्यावर गाडी चालविण्याचा दावा करणाऱ्या स्टॅन्ली मेयर यांच्या यंत्रात साध्या विद्युत्-पृथक्करणापलीकडे काही नाही, असे तज्ज्ञांनी सांगितल्यावर ओहायोच्या न्यायालयाने १९९६ साली ती उघड फसवणूक ठरवून दोन गुंतवणूकदारांचे पंचवीस हजार डॉलर परत करविले. २००९ साली अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने अशाच एका हायड्रोजन किटच्या विक्रीविरुद्ध न्यू जर्सीत दावा लावला.

मग आपल्याच ओळखीची माणसे शपथेवर फायदा झाल्याचे का सांगतात? ती खोटे बोलत नाहीत. पंधरा हजार घातलेला माणस हलक्या पायाने गाडी हाकू लागतो, टायरची हवा तपासतो, टाकी भरताना मीटर लिहून ठेवतो. याच गोष्टींनी पेट्रोल वाचते. श्रेय डबीला जाते.

एक धोका मात्र वेगळा सांगितला पाहिजे. हल्लीच्या गाड्यांत धुरातील प्राणवायू मोजणारा सेन्सर असतो. डबीतील जादा प्राणवायू दिसला की संगणक उलट अधिक पेट्रोल सोडतो. म्हणून काही विक्रेते सेन्सरला चकविणारी आणखी एक पेटी देतात. तिने मिश्रण प्रमाणाबाहेर विरळ झाले तर इंजिन तापते. त्या दुरुस्तीचा खर्च कोणत्या निधीतून द्यायचा?

विक्रेत्याला मी एक निरोप पाठविला आहे. गाडी एक, पंप एक, रस्ता एक, ओझे तेवढेच. टाकी काठोकाठ भरून सहा फेऱ्या. तीन फेऱ्यांत डबी चालू, तीनांत बंद, आणि कोणत्या फेरीत काय हे चालकाला कळू द्यायचे नाही. पेट्रोलचे पैसे मी देईन. तीन आठवडे झाले, उत्तर आलेले नाही. ते येईपर्यंत समितीने हे अर्ज बाजूला ठेवावेत अशी माझी विनंती आहे. माझ्या विद्यार्थ्यांपैकी एकाने परवा अर्ज बदलून पुढच्या दोन टायरांसाठी केला आहे. त्याचे टायर मी पाहिले. घाटात पाऊस सुरू होण्यापूर्वी तो अर्ज मंजूर व्हावा.