दरवानाची यादी

श्रोतेहो, मोठ्या वाड्याच्या दिंडीदरवाजावर बसलेला दरवान डोळ्यांपुढें आणा. कोणास आंत सोडावें व कोणास माघारीं धाडावें, हें तो हातांतील यादीवरून ठरवितो. संगणकांचें जाळें राखणारी फायरवॉल हेंच काम करिते. जाळ्यांतून येणारा माहितीचा प्रत्येक लहानसा तुकडा कोठून निघाला, कोणाकडे चालला व कोणत्या दारानें शिरूं पाहतो, हें पाहून ती त्याचा निवाडा करिते. या दारांस पोर्ट म्हणतात. त्यांचे क्रमांक ६५५३५ पर्यंत जातात. सुरक्षित संकेतस्थळांचें नेहमींचें दार ४४३, तर ई-मेल पोंचविण्याचें २५.

आतां एका लहान कचेरीचा हिशेब पाहूं. हिशेबखात्याच्या १० संगणकांस ३ सर्व्हरांशीं २ दारांनीं व्यवहार करावयाचा आहे. प्रत्येकासाठीं वेगळा नियम लिहिला तर ६० नियम होतात! उलट दहा संगणकांचा एक गट, तीन सर्व्हरांचा दुसरा व दोन दारांचा तिसरा केला, आणि प्रत्येकास नांव दिलें, तर एकच ओळ पुरते. अकरावा कारकून आला कीं त्याचा संगणक गटांत घालावा, गेला कीं काढावा. नियमास हात लावण्याचें कारण नाहीं.

कोणी म्हणेल, ही तर नुसती टापटीप झाली. तसें नाहीं. इस्रायली शास्त्रज्ञ अविशाय वूल यांनीं प्रत्यक्ष वापरांतील ३७ फायरवॉलांच्या याद्या तपासून २००४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. यादी जितकी गुंतागुंतीची, तितक्या तींत चुका अधिक, असें त्यांस आढळलें. शिवाय नियमांच्या क्रमासही महत्त्व असतें. लिनक्सवरील आयपीटेबल्समध्यें, सोडा किंवा अडवा असें सांगणारा जो नियम प्रथम लागू पडेल, तोच निर्णय ठरतो. ‘सर्वांस सोडा’ ही ओळ वर राहिली, तर ‘अमक्यास अडवा’ ही खालची ओळ असून नसल्यासारखीच. साठ ओळींच्या गर्दींत असा घोटाळा सहज लपून राहतो.

परंतु गटालाही एक खोड आहे. गटांत जो शिरला त्यास गटाचे सर्व अधिकार मिळतात. म्हणून ‘किरकोळ’ किंवा ‘इतर’ अशा नांवाचा गट करूं नये. तेथें उद्यां कोणीही येऊन बसेल. गट सोयीवरून न पाडतां कामावरून पाडावा, आणि प्रत्येक नियमाशेजारीं तो कशासाठीं, कोणाच्या सांगण्यावरून व कोठवर, हें लिहून ठेवावें. ज्या नियमाचें कारण कोणासच ठाऊक नाहीं, तो पुसण्याचें धैर्यही कोणास होत नाहीं. आणि काम संपल्यावरही दार उघडेंच राहतें.

घरगुती श्रोत्यांस हें दूरचें वाटेल. पण तें तसें नाहीं. २०१६ सालीं ‘मिराय’ नांवाच्या उपद्रवी प्रोग्रामनें, कारखान्यांतून आलेला पासवर्ड ज्यांचा कोणीं बदललाच नव्हता असे असंख्य कॅमेरे व राउटर ताब्यांत घेतले. त्याच वर्षीं २१ ऑक्टोबर रोजीं त्यांच्या जोरावर झालेल्या हल्ल्यानें अमेरिकेंत अनेक मोठीं संकेतस्थळें कांहीं तास बंद पडलीं. ज्यांचे कॅमेरे होते, त्यांतील पुष्कळांस याची वार्ताही नव्हती!

यावर उपाय सोपा आहे. पासवर्ड तर बदलावाच. त्याशिवाय पुष्कळ राउटरांत पाहुण्यांसाठीं वेगळें जाळें उघडण्याची सोय असते. कॅमेरा, दूरचित्रवाणी संच व पाहुण्यांचे फोन यांस तेथें जागा द्यावी, आणि ज्या संगणकावरून आपण बँकेचे व्यवहार करतां तो घरच्या जाळ्यावर ठेवावा. मग एका गटांत शिरलेला चोर दुसऱ्यांत सहज पोंचत नाहीं.

दरवान कितीही दक्ष असो, त्याचें शहाणपण त्याच्या हातांतील यादीइतकेंच. ती यादी आपणच लिहितों. म्हणून ती वाचतां येईल एवढी लहान व समजेल एवढी स्पष्ट ठेवणें, ही जबाबदारी आपलीच आहे.