काढणीचा हिशेब

(दापोली तालुक्यातील आंबा बागायतदार आणि काढणी कामगार यांच्या बैठकीत केलेले भाषण)

बागायतदार बंधूंनो, भगिनींनो आणि मागच्या रांगेत अंग चोरून बसलेल्या काढणीवरच्या मंडळींनो,

पत्रक वाचून दोघा-तिघांनी मला दारातच गाठले. म्हणाले, "साहेब, आज भावावर बोलणार नाही का?" भावावरच बोलणार आहे, पण दुसऱ्या टोकाकडून. पेटीचा भाव वाशीला ठरतो, हे आपण सगळे जाणतो. पेटीत जाणारे फळ देठासकट जाते की देठावाचून, डागी जाते की स्वच्छ, हे मात्र झाडावर चढलेला माणूस ठरवतो. त्या माणसाचा हिशेब आपल्यापैकी किती जणांच्या वहीत आहे? मी बऱ्याच वह्या पाहिल्या. फवारणीचा खर्च तारीखवार, खताचा गोणीवार, पेट्यांचा नगावर, खिळ्यांचासुद्धा वेगळा. आणि शेवटी एका ओळीत "गुरखे" म्हणून एक गोळा आकडा. ना नाव, ना दिवस, ना उचल.

मी दापोलीच्या कृषी विद्यापीठात शिकलो. हापूस किती पक्वतेला काढावा, या प्रश्नाचे उत्तर तेव्हा तोंडपाठ होते : ८० ते ८५ टक्के. पण झाडाखाली उभे राहून वर बघितले तर हे टक्के कुठे लिहिलेले नसतात. पदवी हातात पडल्यावर, २००३च्या हंगामात, मी पाठीवर सॅक टाकली आणि काढणी शिकायला मजूर म्हणून निघालो. परदेशातली पोरे अशी पाठपिशवी घेऊन फळे तोडत देशोदेशी हिंडतात, त्यांना बॅकपॅकर म्हणतात. आपल्याकडे अशा पोराला बेकार म्हणतात. घरी माझ्याबद्दल तोच शब्द चालू होता.

आंबा साधारणपणे खालून वर तयार होत येतो. आधी देवगड, मग रत्नागिरी, मग आपल्याकडे. मीही तसाच वर सरकत आलो. मार्चमध्ये देवगडच्या कातळावर होतो, एप्रिल रत्नागिरीच्या आसपास गेला, दाभोळची खाडी ओलांडून मे महिन्यात कोळथरे, आंजर्ले, केळशी. झोप बागेतल्या खोपटीत, अंघोळ विहिरीवर, जेवण म्हणजे भात, डाळ आणि वाऱ्याने पडलेल्या कैरीची चटणी. बरोबर बहुतेक नेपाळी. अछाम, डोटी, कैलालीकडचे, म्हणजे नेपाळच्या पार पश्चिमेचे.

पहिले आठ दिवस त्यांनी मला झाडाजवळ फिरकू दिले नाही. खाली राहून क्रेट उचलायचे आणि सावलीत नेऊन ठेवायचे. टोळीचा पुढारी माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान असेल. तो एकेक फळ माझ्या हातात देऊन विचारायचा, "किती आणे?" फळाचे खांदे भरले, देठाशी खळगा पडला, गडद हिरवा रंग जरा निवळला, की चौदा आणे. लांबच्या बाजाराला तोच काढायचा. सोळा आणे झाडावर ठेवला तर वाटेत पिकतो, आणि साक्याचे प्रमाणही वाढते. व्यवहारातून आणे १९५७ साली गेले. बागेत ते अजून चालतात आणि ते मला एका नेपाळ्याने मोजायला शिकवले. विद्यापीठाचे ८५ टक्के आणि त्याचे चौदा आणे यांचा मेळ बसायला मला पंधरा दिवस लागले.

मग हातात झेला आला. आपल्या विद्यापीठाचा नूतन झेला तुमच्यापैकी बहुतेकांकडे आहे. बांबूच्या टोकाला जाळी, तोंडाशी पाते, फळ देठासकट कापून जाळीत पडते. दाखवायला सोपे. पण मान मागे टाकून, वर बघत, तो लांबच लांब बांबू तासन् तास तोलून धरा. रात्री मान उशीवर ठेवता येत नाही. देठ मुळाशी तुटला की चिकाची चिळकांडी उडते. फळावर पडली तर काळा डाग पडतो आणि वाशीला त्याचा भाव उतरतो. काढणाऱ्याच्या गालावर पडली तर कातडी भाजते. आपण फळावरचा डाग मोजतो.

झेला पोचत नाही तिथे चढायचे. आपली जुनी कलमे दोन-दोन मजले उंच गेलेली आहेत, शेंड्याला ऊन लागते म्हणून चांगले फळ शेंड्यालाच. त्यात भिरूड. शेतकी पुस्तकात त्याला खोडकिडा म्हणतात. फांदी बाहेरून धडधाकट, आतून पोकळ. खाली पडलेला भुसा बागायतदाराला दिसतो, कारण झाड त्याचे असते. चढणारा त्या बागेत आदल्या दिवशी आलेला असतो.

त्या हंगामात माझ्यासमोर एक जण पडला. कुठल्या गावी, कोणाच्या बागेत, ते सांगणार नाही. फांदी त्याच्यासकट खाली आली. खाली कातळ. मांडीचे हाड मोडले. टेम्पोत भरलेले क्रेट उतरवले, त्याला आडवे घातले आणि तालुक्याला नेले. बागायतदार वाईट माणूस नव्हता. दवाखान्याचे पैसे त्याने भरले, स्वतःचे कर्ज डोक्यावर असताना भरले. पण त्या माणसाने हंगामाच्या सुरुवातीला घरी पाठवायला उचल घेतली होती, ती तशीच अंगावर राहिली. प्लास्टर घातलेल्या पायाने त्याला दोघांनी गाडीत बसवून दिले, आणि त्याची उचल उरलेल्यांनी मे अखेरपर्यंत राबून फेडली. ठरवून नाही, कोणी तसे म्हणालेही नाही. हिशेबाच्या दिवशी ती रक्कम सगळ्यांच्या नावे थोडी थोडी वळती झाली, इतकेच.

आता कायद्याचे बघू. महाराष्ट्र सरकारची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना आहे, २०२३पासून आताच्या स्वरूपात चालते. शेतकरी उंचावरून पडून, साप चावून, विजेने मेला तर वारसाला २ लाख रुपये. चांगली योजना आहे, तुमच्यातल्या ज्यांच्यावर वेळ येईल त्यांनी जरूर अर्ज करावा. पण ती कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एकाला. म्हणजे झाड ज्याचे, त्याला झाडावरून पडण्याचे संरक्षण आहे. आपल्यापैकी किती बागायतदार गेल्या हंगामात स्वतः शेंड्यावर चढले? हात वर करा. (दोन हात वर.) दोन. बरे.

काही जण म्हणतील, आपले लोक चढत नाहीत म्हणून हे परके आणावे लागतात. हे कसे झाले तेही समजून घेऊ. १९९० साली रोजगार हमीशी जोडलेली फळबाग योजना आली, अनुदान १०० टक्के. वरकस जमिनीवर, डोंगरउतारावर कलमे लागली. ती धरायला लागली साधारण २०००च्या आसपास. तोवर गावातला तरणा मुंबईला गेला होता. कोकणातले घर मनीऑर्डरवर चालण्याची रीत तर त्याआधी कितीतरी वर्षांची. झाडे वाढली आणि माणसे कमी झाली. त्याच वेळी, १९९६ ते २००६, नेपाळात माओवाद्यांची लढाई चालली होती आणि तिथले तरुण गाव सोडत होते. १९५०च्या करारामुळे त्यांना इकडे यायला व्हिसा लागत नाही. पावसाळा सरल्यावर यायचे, मोहोर राखायचा, फवारणी करायची, वानर हाकायचे, रात्री चोर राखायचे, मग काढणी, आणि मृगाआधी परत. वर्षातले सात-आठ महिने आपल्या बागेत फुरशांच्या संगतीने राहणारा हा माणूस. त्याला परका म्हणायला आपल्याला लाज वाटायला हवी.

आणि जे काम आपला पदवीधर इथे करत नाही, त्यासाठी तो आता रांगेत उभा आहे. ऑस्ट्रेलियाने २०२४पासून भारतीय तरुणांसाठी वर्षाला १,००० व्हिसा खुले केले, १८ ते ३० वयाच्या. सोडत काढून देतात. हिंडा, फिरा आणि त्या पैशासाठी काम करा असा तो व्हिसा. आणखी एक वर्ष राहायचे तर ग्रामीण भागात तीन महिन्यांचे ठरावीक काम करावे लागते. पुष्कळ जण ते फळबागेत करतात. मी त्या पोरांना नावे ठेवत नाही, मीही सॅक घेऊन गेलो होतो. पण तिथे काय घडले ते बघा. तिथेही नगावर मजुरी द्यायची पद्धत होती. बाग विरळ फळाची निघाली तर दिवसभर राबून हातात काही पडायचे नाही. २००० सालच्या जूनमध्ये चिल्डर्स नावाच्या गावी अशा मजुरांच्या वसतिगृहाला आग लागली, १५ तरुण पाठपिशवीवाले मेले. त्यानंतरही वर्षानुवर्षे ओरड चालूच होती. शेवटी २०२१मध्ये तिथल्या मजुरीविषयक आयोगाने निर्णय दिला : नगावर मजुरी द्या, पण तासाच्या किमान मजुरीखाली जाता येणार नाही आणि तासांची नोंद ठेवावी लागेल. एप्रिल २०२२पासून तो लागू झाला. बागायतदार बुडतील असे तेव्हा तिथेही म्हटले गेले. माझ्या कामाची गोष्ट त्यातली एकच, नोंद. वही ठेवल्यावाचून पुढचे काहीच होत नाही.

नोंद नसली की काय होते ते २०२०ने दाखवले. २४ मार्चच्या रात्री टाळेबंदी जाहीर झाली, नेमकी काढणी तोंडावर असताना. गाड्या बंद, नेपाळची हद्द बंद. बागेत होते ते बागेत अडकले. मे महिन्यात वाशीचा बाजारही काही दिवस बंद राहिला. परत पाठवायची वेळ आली तेव्हा यादी मागितली गेली : नाव, गाव, जिल्हा, घरचा फोन. कित्येक बागायतदारांना आपल्या बागेत सहा वर्षे येणाऱ्या माणसाचे आडनाव सांगता आले नाही. "बहादूर" एवढेच माहीत. यादी होते न होते तोच ३ जूनला निसर्ग वादळ आले आणि आपली कलमे, माड, पोफळी आडव्या झाल्या.

आता पैशाचे. "मी देऊ कुठून?" हा प्रश्न खोटा नाही. पट्टी आली की भाडे, हमाली, दलाली वजा. वर्षाच्या सुरुवातीला दलालाकडून उचल घेतली असेल तर ती वजा. म्हणजे आपणही उचलीतच बांधलेले. तुमच्या पायात जो दोर आहे तोच तुम्ही नेपाळ्याच्या पायात बांधता. दलालाने मधल्या मधे रक्कम वळती केली की आपण बैठका घेतो. मग आपल्या बागेतही उचल लेखी असावी, मुकादमाच्या नावावर गोळा नसावी, ज्याची त्याच्या नावावर असावी. आणि माणूस पडला, आजारी पडला, तर त्याची उचल सोबत्यांवर चढू नये. "उचल घेऊन पळतात" असे मागून कोणी म्हणाले. पळतात, काही जण पळतात. दर महिन्याला हिशेब करून पैसे हातात देणाऱ्याकडून कमी पळतात, हे मी वीस वर्षे बघतो आहे. सगळा पगार जूनपर्यंत अडकवून ठेवला की एप्रिलमध्ये पळायचे कारण आपणच तयार करतो.

बायकांचा विषय दोन वाक्यांत संपवला तर त्या मला सोडणार नाहीत. फळ निवडणे, पुसणे, प्रतवारी, पेंढा घालून पेटी भरणे, हे काम आपल्या गावच्या बायका करतात, आणि पुरुषाच्या रोजापेक्षा त्यांचा रोज कमी. कारण विचारले तर म्हणतात, बसून काम आहे. वाशीला बसून भाव ठरवणारा दलाल काय कमी घेतो? पाच डझनांच्या पेटीत एक साधे फळ वरच्या थराला गेले तर पेटी खाली येते. ते होऊ न देणारी नजर तिची आहे. तिचा रोज झाडावरच्या माणसाइतका हवा, असे माझे मत आहे. भांडण करायचे तर जेवणानंतर करू.

विम्याबद्दल : प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचा हप्ता वर्षाला २० रुपये आहे, अपघाती मृत्यूला २ लाख. बँकेत खाते लागते, वय १८ ते ७०. गावच्या प्रत्येक गड्याचा, बाईचा हप्ता बागायतदाराने भरावा. एका आंब्याची किंमत आहे. नेपाळी मंडळींकडे खाते क्वचित असते. ज्यांच्याकडे आहे त्यांची नावे आज लिहून घेऊ. ज्यांच्याकडे नाही त्यांच्यासाठी पेटीमागे १ रुपया बाजूला काढून तालुक्याचा निधी करावा असा ठराव मांडतो आहे.

आणि झाड. हे मी कृषीचा पदवीधर म्हणून सांगतो. शेंड्यावर चढावेच लागू नये हा खरा उपाय. जुनी कलमे छाटून खाली आणा. आपल्या विद्यापीठाची पुनरुज्जीवनाची शिफारस आहे. कापलेल्या जागी बोर्डोपेस्ट लावा, भिरुडावर लक्ष ठेवा. एक-दोन हंगाम त्या झाडाचे फळ जाईल, म्हणून सगळी बाग एकदम छाटू नका. दरवर्षी थोडी थोडी घ्या. पुढे फवारणी पोचते, ऊन आत येते आणि फळ जमिनीवर उभे राहून झेल्याने निघते. तोवर एक करा. काढणीच्या आदल्या दिवशी मुकादमाला घेऊन बागेतून फिरा आणि भिरूड लागलेल्या फांद्यांना चुन्याचा पट्टा मारा. पट्टा मारलेल्या फांदीवर कोणी चढायचे नाही, त्यावरचे आंबे राहिले तर राहिले.

वहीचा नमुना छापून आणला आहे. एका माणसाला एक पान : नाव, गाव, घरचा फोन, उचल, दिवस, दिलेले पैसे, त्याची सही किंवा अंगठा. मराठी वाचता येत नसेल तर नेपाळीतही देवनागरीच आहे, तो आकडे वाचतो; काळजी करू नका. वह्या दारापाशी टेबलावर आहेत. जेवण झाल्यावर आसूदला एका बागेत चार वर्षांपूर्वी छाटलेली कलमे बघायला टेम्पो निघेल. काढणीवरच्या मंडळींनी पुढच्या टेम्पोत बसावे, कारण बघायचे आहे ते मुख्यतः त्यांनी.